शब्द कुठं तुटतो

माझ्या वडिलांची, आप्पांची, एक वही माझ्याकडं आहे. वाण्याच्या दुकानात उधारी लिहायला असते तसली, लांबट, अरुंद, लाल कापडी बांधणीची. आत सगळे इंग्रजी शब्द आहेत. एका ओळीत एक शब्द, आणि प्रत्येक शब्दाच्या पोटात निळ्या शाईच्या बारीक आडव्या रेघा. अर्थ कुठंच लिहिलेला नाही, उच्चारही नाही. शब्द आणि तो कुठं तोडायचा, एवढंच.

आप्पा कंपोझिटर होते. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षं खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवले. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, खासबागेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, आणि परीक्षांच्या आधी कॉलेजांची नियतकालिकं. त्या नियतकालिकांत आधी मराठी विभाग, मग हिंदी, शेवटी इंग्रजी. इंग्रजीचे कागद घ्यायला कुणी पुढं व्हायचं नाही, ते आप्पा घ्यायचे. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी. इंग्रजी अक्षरं ते छापखान्यातच शिकले, तीही उलटी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या पट्टीत, जुळवलेली ओळ डोक्यावर उभी केल्यासारखी दिसते आणि ती डावीकडून उजवीकडं वाचायची असते. मी दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा आप्पा स्टिक माझ्यापुढं धरून विचारायचे, "काय लिवलंय, सांग." मला कधी सांगता यायचं नाही.

मराठीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची लाकडी पेटी, प्रचंड. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाला वेगळं घर. इंग्रजीच्या मात्र दोनच केसा. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरं, खालच्या केसमध्ये लहान. आज संगणकावर आपण अपर केस, लोअर केस म्हणतो ते या लाकडी खणांवरूनच आलं. आप्पांचा हात न बघता त्या त्या घरात जायचा. शिसं, कथील आणि अँटिमनीच्या त्या खिळ्यांचा करडा रंग त्यांच्या बोटांना कायमचा बसला होता, आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास त्यांच्या सदऱ्याबरोबर घरी यायचा.

आता त्या आडव्या रेघांकडं येते. छापायच्या ओळीची लांबी ठरलेली असते. ओळीच्या टोकाला शब्द मावला नाही तर कंपोझिटरपुढं दोन वाटा. शब्द पुढच्या ओळीत ढकलायचा आणि आधीच्या ओळीत जागोजागी स्पेस भरून ती ताणायची, किंवा शब्द तोडायचा. ताणलेली ओळ पडलेल्या दातांसारखी दिसते. म्हणून तोडणं आलं. मराठीत हे सोपं असतं, कारण आपलं अक्षर डोळ्यांना दिसतं. ‘महाद्वार’ तोडायचा तर ‘म’, ‘हा’, ‘द्वा’, ‘र’ यांच्या मधल्या फटी कुणालाही सापडतात. इंग्रजीत अक्षरं सुटी सुटी येतात आणि ‘इथं एक घास संपला’ अशी कुठलीही खूण लिपी देत नाही. चुकीच्या जागी तोडलं की प्रुफावर लाल शाईची खूण येणार, आणि मग अख्खी ओळ सोडवून पुन्हा जुळवायची.

आप्पांनी ती प्रत्येक लाल खूण वहीत उतरवून घेतली. सुट्टीच्या दिवशी ते करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसायचे. १८५० सालची ती संस्था. तिथं डिक्शनरी मागून घ्यायची आणि मोठ्या शब्दांच्या पोटात बारीक टिंबं असतात ती वहीत रेघा करून आणायची. त्या टिंबांखेरीज छापखान्याचे आपले नियम असत. एक अक्षर ओळीच्या शेवटी एकटं सोडायचं नाही. आणि शेवटची दोनच अक्षरं पुढच्या ओळीत न्यायची नाहीत. "‘एल वाय’ एकटी फुडं गेली की पोरकी दिसती," असं आप्पा म्हणायचे. एवढ्या कोरड्या नियमाबद्दल ते इतक्या मायेनं बोलायचे की मला ती ‘एल वाय’ खरंच कुणाची तरी धाकटी मुलगी वाटायची.

या तोडण्यातही एकमत नसतं, हे मला पुढं कळलं. ज्ञान या अर्थाचा ‘नॉलेज’ हा शब्द इंग्लंडमधले जुने छापखाने ‘डब्ल्यू’नंतर तोडायचे, कारण तिथं ‘नो’, म्हणजे जाणणं, हा धातू संपतो. अमेरिकेत तो पुढच्या ‘एल’नंतर तुटतो, कारण तोंडात तो तिथं तुटतो. नोआ वेब्स्टर यांनी १७८३ साली मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं आणि त्यात शब्द बोलण्याप्रमाणं तोडून दाखवले. तेव्हापासून अमेरिका जिभेच्या बाजूनं राहिली आणि इंग्लंड बराच काळ शब्दाच्या कुळाच्या बाजूनं. म्हणजे आप्पांना लाल खूण करणारे प्राध्यापक कुठल्या डिक्शनरीवर वाढले त्यावरही त्या खुणा अवलंबून असणार.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. मोठे शब्द मी शाळेत फार कमी शिकले, वहीतून जास्त. जेवणं झाली की वही मांडीवर घ्यायची आणि एकेक तुकडा मोठ्यानं म्हणायचा. "आप्पा, आज मी धा शबुद केलो," असं मी सांगायचे. (आमच्याकडं मुलीसुद्धा ‘मी केलो, मी आलो’ असंच बोलतात.) ते मान डोलवायचे. बरोबर की चूक हे त्यांनाही सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या त्या शेकडो शब्दांपैकी बहुतेक त्यांनी कधीच ऐकलेले नव्हते.

१९८४ साली मी कॉलेजात गेले. इंग्रजीच्या तासाला एकेकाला उभं करून उतारा वाचायला सांगत. माझ्या वाट्याला आलेल्या उताऱ्यात एक माणूस त्या संध्याकाळी कधी नव्हे इतका गप्प होता, असं वाक्य होतं. त्यातलं ‘कधी नव्हे इतका’ इंग्रजीत एकाच शब्दात होतं. वीस अक्षरांचं क्रियाविशेषण. मला आनंद झाला, कारण हा शब्द वहीत होता आणि माझा पाठ होता. मी वहीप्रमाणं स्वच्छ, एकेक तुकडा म्हणत वाचला. अन. चार. ॲक. टर. इज. टी. कॅ. ली.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तो शब्द एकदा उच्चारला, इतका झटक्यात की मला फक्त मधला ‘रिस’ ऐकू आला, आणि मागच्या मुलाला पुढं वाचायला सांगितलं. तास संपल्यावर मी धीर करून त्यांच्याकडं गेले. त्यांनी सावकाश म्हणून दाखवला. अन्कॅरक्टरिस्टिक्ली.

घरी गेले तेव्हा आप्पा भजनाला निघायच्या तयारीत होते, टाळ पुसत बसले होते.

"आप्पा, तुमची वही चुकीची हाय."

"कुठला शबुद?"

मी सांगितला.

"सरांनी कसा म्हटला? म्हनून दाखीव."

मी म्हटला. त्यांनी पुन्हा म्हणायला लावला. टाळ खाली ठेवून, डोळे मिटून ते ऐकत होते आणि अंगठा करंगळीपासून पेरांवरून सरकत होता. मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर तो थांबला.

"सात हाईत," आप्पा म्हणाले. "वहीत किती हाईत बघ जा."

मी वही बघितली नाही. "तोडायचं येगळं आन् म्हणायचं येगळं असतंय. तुमास्नी काय कळणार त्यातलं," असं म्हणून आत निघून गेले. हे वाक्य मी माझ्या वडिलांना बोलले. त्यातला पहिला अर्धा भाग खरा होता हे मला फार नंतर कळलं. दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं हे अजून कळलेलं नाही.

पुढं मी इंग्रजीची शिक्षिका झाले आणि हा शब्द माझ्या मागं लागल्यासारखा राहिला. दरवर्षी मी तो फळ्यावर लिहिते. मुलं आधी घाबरतात, मग मोजतात, आणि मग आम्ही तो सोलायला घेतो.

पहिली गोष्ट, त्याच्या पोटात ‘कॅरेक्टर’ बसलेलं आहे. हा शब्द कोल्हापुरात कुणाला अनोळखी नाही. ‘त्याचं कॅरेक्टर बरं न्हाई’ हे पारावर बसलेला आजोबाही म्हणतो. मी स्वतः कॉलेजात प्रवेश घेताना शाळेचं कॅरेक्टर सर्टिफिकेट फायलीत घालून नेलं होतं, आणि त्याच वर्षी त्याच शब्दाला ‘चार-ॲक-टर’ म्हणून बसले. रेघांनी तुकडे झाल्यावर मला तो ओळखूच आला नाही. शब्द तोडला की माहितीतला चेहराही परका होतो, याचा मला इतका धक्का बसला होता की आजही मोठा शब्द शिकवताना मी आधी ‘यात ओळखीचं कोण आहे’ असं विचारते, आणि तुकडे मग करते.

‘सी एच’चा इथं ‘क’ होतो, कारण शब्द मूळचा ग्रीक आहे. कॉलरा, केमिस्ट्री, स्कूल, ख्रिसमस हे सगळे त्याच गावचे. ग्रीकांच्या ‘खी’ या अक्षरासाठी रोमन लोकांनी ‘सी एच’ ही जोडी वापरली आणि स्पेलिंगात ती तशीच राहिली.

दुसरी गोष्ट आघाताची, आणि ती मला सगळ्यात सुंदर वाटते. नुसतं ‘कॅरक्टर’ म्हणताना जोर पहिल्या ‘कॅ’वर असतो. त्याला ‘इस्टिक’ जोडलं की जोर तिथून उठतो आणि ‘रिस’वर जाऊन बसतो. ज्या इंग्रजी शब्दांच्या शेवटी ‘इक’ येतं त्यांत जोर बहुधा त्याच्या अलीकडच्या ठोक्यावर, म्हणजे एका झटक्यात बोलल्या जाणाऱ्या तुकड्यावर, पडतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फटॉग्रफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. शब्दाला शेपूट जोडलं की आतलं वजन सरकतं. आपल्याकडं असं होत नाही. ‘माणूस’, ‘माणुसकी’, ‘माणुसकीनं’ म्हणताना आपण वजन इकडून तिकडं हलवत नाही. प्रत्येक अक्षराला त्याचा ह्रस्व-दीर्घ वेळ देतो आणि पुढं जातो. इंग्रजी एका ठोक्याला भरपूर देते आणि बाकीच्यांना उपाशी ठेवते. ‘कॅ’वर जुन्या जोराची थोडी ऊब उरते, बाकीचे स्वर विरून जातात.

विरून कुठं जातात? ‘अ’मध्ये. ‘कॅरक्टर’मधला दुसरा ‘ए’ म्हणजे ‘ॲ’ नव्हे, साधा पुसटसा ‘अ’. ‘ट’ला जोडलेला ‘ई’सुद्धा तोच. इंग्रजी बोलण्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि त्यासाठी त्यांच्या सव्वीस अक्षरांत स्वतंत्र अक्षर नाही. आपल्या मुळाक्षरांची सुरुवातच त्यानं होते. मी मुलांना सांगते, जोर नसलेला स्वर दिसला आणि काय म्हणावं कळेना, तर आधी आपला पहिला ‘अ’ म्हणून बघा. बऱ्याचदा जमून जातं.

शिवाय ‘टर’मधला ‘र’ कागदावर मागच्या तुकड्यात असतो, म्हणजे मूळ शब्द अखंड राहतो. तोंडात मात्र तो पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो आणि ‘ट-रिस’ होतं.

आणि मग शेपूट. ‘सी ए डबल एल वाय’. ‘इक’वर संपणाऱ्या विशेषणाचं क्रियाविशेषण करताना स्पेलिंगात ‘ॲली’ जोडतात, पण त्यातला ‘ए’ बोलताना गळून पडतो. ‘बेसिक’चं बेसिकली, ‘कॅरक्टरिस्टिक’चं कॅरक्टरिस्टिक्ली. लिहिताना दोन घरं वाढतात, बोलताना एकच. (‘पब्लिकली’ हा अपवाद, त्याच्या स्पेलिंगातच तो ‘ए’ नाही.)

हे शिकवताना मी घसा कोरडा करायचे. ‘कॅली नाही, क्ली, क्लिष्टमधला क्ली’ असं परोपरीनं सांगायचे. एके वर्षी नववीच्या वर्गात मी फळ्यावर शब्द लिहून शेवटचा भाग वेगळा म्हणून दाखवला, आणि खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी मध्येच म्हणाली, "बाई, म्हंजे टिकलीच की!"

सगळ्या वर्गानं कपाळाला हात लावला आणि एका सुरात म्हटलं, अन्कॅरक्टरिस्-टिकली. एकाचंही चुकलं नाही. चुकणार कसं? टिकली हा शब्द त्यांनी जन्मापासून ऐकला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ‘टिकली’ कागदावर लिहिली. टि, क, ली. तीन अक्षरं. वृत्तात बसवायची तर तीनच धरावी लागतील, लघु, लघु, गुरु, म्हणजे स गण. पण तोंडात दोनच ठोके. मधल्या ‘क’मधला ‘अ’ आपण गिळतो. इंग्रजी तेच करते, आणि आम्ही तिला ‘लिहिते एक, बोलते एक’ म्हणून नावं ठेवतो. मग मी आजूबाजूची नावं मोजायला लागले. खासबाग: लिहिताना चार, बोलताना दोन. राजारामपुरी: सहा आणि पाच. गडहिंग्लज: पाच आणि तीन. बाहेरगावचा माणूस गडहिंग्लजपाशी का अडखळतो ते मला तेव्हा कळलं. तो बिचारा मी वाचलं तसंच वाचतो, एकेका अक्षराला मान देत.

याच गावात, राजाराम कॉलेजात, माधव जूलियन शिकवत होते आणि मराठी छंदांचा एवढा मोठा अभ्यास त्यांनी केला. छंदाचा अभ्यास म्हणजे तरी दुसरं काय? कागदावरचं अक्षर आणि कानातलं अक्षर यांचा हिशेब. अभंग गाताना आपण गिळलेला ‘अ’ परत काढून देतो. बोलताना ‘घर’ एक ठोका, भजनात ‘घ-र’ दोन. आप्पा चाळीस वर्षं टाळ धरत होते. सात मोजायला त्यांना इंग्रजी यायची गरजच नव्हती.

ग्रीक भाषेत ‘खाराक्तेर’ म्हणजे ठसा उमटवायचं हत्यार, आणि त्यानं उमटलेली खूण. नाण्यावरचा छाप, कोरलेली रेघ. माणसाच्या स्वभावाला तो शब्द नंतर लागला, जणू स्वभाव म्हणजे कुणीतरी माणसावर मारलेला छाप. इंग्रजीत आजही छापायच्या अक्षराला कॅरक्टर म्हणतात. म्हणजे आप्पा आयुष्यभर केसमधून जे उचलत होते त्याचंच ते नाव होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडं बघितलं. आपण त्याला अक्षर म्हणतो, न झिजणारं. खिळे मात्र झिजायचे, आणि झिजले की वितळवायला जायचे.

ऑफसेट आलं, मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं. छापखान्यानं खिळे वजनावर विकले. "आता शबुद कोन तोडतंय?" असं आप्पांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, कॉम्प्युटर. त्याला कसं कळतं, हे त्यांना हवं होतं. मग मी शोधून त्यांना सांगितलं की स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँकलिन लियांग यांनी १९८३ साली यावर प्रबंध लिहिला. डिक्शनरीतल्या तोडींवरून त्यांनी ४,४४७ अक्षरजुळण्या काढल्या, कुठल्या अक्षरांच्या मधे तोडायचं आणि कुठं नाही याच्या. तेवढ्यावर डिक्शनरीतल्या ८९ टक्के तोडी यंत्राला सापडतात. आणि इंग्रजीसाठी तिथंही शेवटची दोन अक्षरं पुढच्या ओळीत जात नाहीत. "मग बराबर हाय," आप्पा म्हणाले. त्यांना समाधान वाटलं असावं. यंत्र आलं याचं नव्हे, ‘एल वाय’ पोरकी झाली नाही याचं.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. वही मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर तो शब्द असलेलं पान मी १९८४ नंतर कधी उघडलं नव्हतं. गेल्या महिन्यात उघडलं. शाई थोडी फिकट झालीय, रेघा अजून स्पष्ट आहेत.

यू एन. सी एच ए आर. ए सी. टी ई आर. आय एस. टी आय. आणि त्यापुढं सी ए डबल एल वाय, सगळं एकत्र, मधे रेघ नाही.

डिक्शनरीत ‘कॅल’ आणि ‘ली’ यांच्यामध्ये टिंब असतं. आप्पांनी ते उतरवलं नव्हतं, कारण ‘ली’ एकटी पुढच्या ओळीत जाऊ द्यायची नव्हती. उच्चार ऐकून त्यांनी हे केलेलं नव्हतं. शब्द वहीत आला तेव्हा त्यांनी तो ऐकलेलाही नव्हता. छापखान्याच्या नियमानं त्यांनी शेवटचा तुकडा सांधून ठेवला होता, आणि नेमका तोच तुकडा तोंडातही सांधलेला असतो. आठवा ठोका वहीत नव्हताच. तो माझा होता.

मी खाली बसले, अंगठा करंगळीवर ठेवला आणि शब्द सावकाश म्हटला. शेवटचं ‘क्ली’ मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर आलं.